आरण्यक गोभूतींचा स्तूप

कार्ल्याची लेणी पाहिली नाहीत असा धम्मबांधव पुणे-मुंबईच्या बाजूस क्वचितच आढळेल. भाज्यालाही बहुतेकांचे एकदा तरी जाणे झालेले असते, मग ते लेण्यांसाठी असो वा पावसाळ्यात तेथील धबधब्याखाली भिजण्यासाठी असो. पण त्याच मावळ तालुक्यातील बेडसे लेणी पाहिली आहेत काय, असे आमच्या मंडळाच्या मासिक सभेत विचारले तेव्हा चाळीस-पंचेचाळीस सभासदांपैकी फक्त चार हात वर झाले. आणि त्या चौघांनाही, चैत्यगृहाजवळच्या लहानशा खोदकामात एक स्तूप आहे आणि तो एका भिक्षूच्या स्मरणार्थ त्याच्या शिष्याने करविला आहे, ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्या स्तूपाविषयी व तेथे आम्ही का गेलो त्याविषयी या स्मरणिकेत लिहावे असे सर्वांनुमते ठरले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे जाणे सहलीचे नव्हते. मंडळाच्या स्थापनेपासून ज्यांनी आम्हा सर्वांना वळण लावले ते गुरुजी गेल्या वर्षी निवर्तले. शोकसभेत त्यांचे स्मारक व्हावे असा ठराव झाला. ठराव होणे सोपे असते, पुढे खरी अडचण येते. कोणी म्हणाले विहाराच्या आवारात संगमरवरी पुतळा बसवू, कोणी म्हणाले सिमेंटचा स्तूप बांधून त्यावर पांढऱ्या फरशा लावू, कोणी देणगीदारांच्या नावांसह मोठी कोनशिला सुचविली. तीन सभा झाल्या, शब्दाला शब्द लागला, दोन कार्यकर्ते तर एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा गुरुजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, त्या शांतपणे म्हणाल्या, “अरे, आपल्या लोकांनी आधी कशी स्मारके केली ते एकदा बघून तरी या. ते मला नेहमी बेडशाला चल म्हणायचे, माझेच जाणे झाले नाही.” माईंचा शब्द मोडण्याची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नव्हती. माघ महिन्यातील एका रविवारी आम्ही अकराजण सकाळच्या लोणावळा लोकलने निघालो. माईही बरोबर होत्या.

बेडशाला जाण्यासाठी कामशेत स्टेशनवर उतरावे लागते. तेथून पवनानगरच्या रस्त्याने जाणाऱ्या वाहनाने बेडसे गावाच्या बाजूस जाता येते. वाहने वेळेवर मिळतीलच असे नाही, म्हणून सहाआसनी रिक्षा ठरवून घेतलेली बरी. पायथ्यापासून सुमारे चारशे पायऱ्या आहेत. माघात डोंगर सुकलेला असतो, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या दिसतात, आणि पाने गाळून बसलेल्या काटेसावरीवर लाल फुले लागलेली असतात. वाटेत एक गुराखी आणि त्याच्या दोन म्हशी एवढेच काय ते भेटले. कार्ल्याला त्याच दिवशी एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची रांग लागली असणार, येथे मात्र आमच्या पावलांचा आवाजच मोठा वाटत होता. माई दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी बसत आणि आम्हीही त्यांच्या निमित्ताने बसत असू. खरे सांगायचे तर आमच्यातील काही तरुण सभासदांना माईंपेक्षा जास्त धाप लागली होती.

लेणी पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट आत येते. म्हणून ज्यांना जायचे असेल त्यांनी दुपारच्या आत पोहोचावे. चैत्यगृहाच्या पुढ्यात खडकाचा मोठा भाग न फोडता तसाच ठेवलेला आहे. त्यामधल्या अरुंद बोळातून आत शिरले की एकदम उंच स्तंभ समोर येतात. स्तंभांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याने दिलेल्या दानाचा लेख येथे आहे. पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिणीचे दान कोरलेले आहे आणि तीत ती महाभोजाची कन्या असल्याचे सांगितले आहे. इ.स. पूर्व पहिल्या शतकातील हे काम असल्याचे तज्ज्ञ मानतात. शेजारचा विहार गजपृष्ठाकार छताचा आहे व त्याच्या भिंतीत भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. ही सर्व माहिती अनेक पुस्तकांत सापडते, त्यामुळे येथे अधिक लिहीत नाही. एक खंत मात्र नोंदविली पाहिजे. या लेण्यांत पूर्वी रंगकामाचे अवशेष होते, परंतु 1861 च्या सुमारास वरिष्ठ अधिकारी पाहणीस येणार म्हणून स्थानिक अंमलदारांनी लेणी ‘स्वच्छ’ करून घेतली व त्यात ते चित्रांचे अवशेष नष्ट झाले, अशी नोंद आहे. साहेब येणार म्हणून चुना फासण्याची आपली पद्धत जुनीच दिसते.

आता मूळ विषयाकडे येतो. चैत्यगृहाजवळच्या छोट्याशा खोदकामात खडकातूनच घडविलेला एक स्तूप आहे. ना नक्षी, ना मूर्ती. पहिल्याने पाहणारा मनुष्य ‘हा लहान स्तूप’ म्हणून पुढे निघून जातो. पण त्याच्या लगतच्या खडकावर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. आरंभीची काही अक्षरे गेलेली आहेत. जी उरली आहेत ती पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी वाचली आणि 1881 साली पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांच्या संग्रहात प्रसिद्ध केली. त्यांचा मराठीत आशय असा: अरण्यात राहणाऱ्या, भिक्षान्नावर जगणाऱ्या, मारकुडवासी गोभूतींचा हा स्तूप त्यांचा अंतेवासी भट आसाळमित याने करविला. आसाळमित म्हणजे संस्कृतातील आषाढमित्र होय. मारकुड हे बहुधा या डोंगराचेच त्या काळचे नाव असावे.

एवढाच लेख. आमच्यातील एक सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत व त्यांनी ब्राह्मी लिपीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्यांनी विजेरीचा प्रकाश बाजूने टाकून एकेक अक्षर बोटाने हवेत काढून दाखविले, खडकाला हात लावू दिला नाही. ‘थूपो’ हा शब्द आला तेव्हा माईंनी हात जोडले.

त्या चार-पाच शब्दांचा अर्थ नीट समजून घेणे जरूर आहे. ‘आरणक’ आणि ‘पेडपातिक’ ही कौतुकाची विशेषणे नव्हेत. भिक्षूंसाठी सांगितलेल्या तेरा धुतांगांपैकी ही दोन व्रते आहेत. आरण्यक म्हणजे गावापासून निदान पाचशे धनुष्ये दूर राहणारा. चार हातांचे एक धनुष्य धरले तर हे अंतर नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मैलाहून थोडे अधिक भरते. पिंडपातिक म्हणजे आमंत्रणाचे जेवण न घेता घरोघर जाऊन पात्रात जे पडेल तेच खाणारा. ही दोन्ही व्रते एकत्र पाळणे किती कठीण आहे ते पायऱ्या चढून गेल्यावर समजते. राहायचे रानात आणि जेवायचे गावातले, म्हणजे रोज डोंगर उतरायचा, दारोदारी उभे राहायचे आणि परत चढायचे. आषाढ-श्रावणात मावळात पाऊस कसा कोसळतो हे मावळच्या माणसाला सांगायला नको. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. असा भिक्षू रानात राहात असला तरी तो गावापासून तुटलेला नसतो. खालच्या गावातील एखाद्या बाईने भाकरी किंवा भाताची मूठ त्यांच्या पात्रात टाकली नसती तर गोभूती मारकुडावर राहूच शकले नसते. त्या बाईचे नाव कोठेही कोरलेले नाही. पुसणक श्रेष्ठीचे आहे, महारठिणीचे आहे. गुरुजी असते तर त्यांनी याच ठिकाणी आम्हाला थांबवून हे बोलून दाखविले असते.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. लेखात ‘गोभूतिनं’ असे अनेकवचन वापरले आहे. गोभूती काही अनेक नव्हते, ते आदरार्थी अनेकवचन आहे. आपण मराठीत ‘गुरुजींचा’ म्हणतो, ‘गुरुजीचा’ म्हणत नाही, अगदी तसेच. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात एका शिष्याने आपल्या गुरूचे नाव त्याच रीतीने घेतले, हे ऐकून आम्हा सर्वांना क्षणभर काही सुचले नाही.

स्तूप हा मुळात मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या ढिगाऱ्याचाच विकास आहे, असे बहुसंख्य विद्वानांचे मत आहे. ‘थूप’ या शब्दाचाच अर्थ ढीग, रास असा आहे. बौद्ध धम्माच्या आधीपासून लोक आपल्या मृतांवर माती-दगडांचे उंचवटे करीत आले. शतपथ ब्राह्मणासारख्या वैदिक ग्रंथातही पूर्वेकडील लोक गोल आकाराची स्मशाने करतात असा उल्लेख येतो, आणि तो चांगल्या अर्थाने केलेला नाही. तो गोल आकार ज्यांना खालचा वाटला त्यांच्या वंशजांना पुढे तोच आकार देशभर पाहावा लागला.

आपल्या महाराष्ट्रातही असे प्रागैतिहासिक अवशेष आहेत, पण ते पाहायला फारसे कोणी जात नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही काही सभासद दीक्षाभूमीवर गेलो असता, दुसऱ्या दिवशी नागपुरातील एका धम्मबंधूंनी आम्हाला काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे नेले. तेथे झुडपांच्या माळावर काळ्या दगडांची वर्तुळेच वर्तुळे पसरलेली आहेत, सुमारे तीनशे. प्रत्येक वर्तुळाच्या पोटात दगडमातीचा उंचवटा आहे. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. ही लोहयुगातील लोकांची दफने आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने येथे प्रथम खोदकाम केले आणि पुढे 1961 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भातील अशा दफनांत लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मडकी आणि घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत. नागपूरजवळच्याच माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर घालावयाचे तांब्याचे अलंकारही निघाले. म्हणजे आपल्या माणसाबरोबर त्याचा घोडाही गेला. त्या माळावर आम्ही अर्धा तास होतो. ऊन फार होते आणि ज्यांच्यावर ती वर्तुळे रचली त्यांपैकी एकाचेही नाव कळण्याचा मार्ग नव्हता, याची हुरहूर लागून राहिली.

आपल्या पुणे जिल्ह्यातही शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी आपली मेलेली मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडलेले आढळले. मेलेला परत उठून जाऊ नये, किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. आईने मूल घरातच ठेवले, ही गोष्ट वाचली तेव्हा माईंनी पुस्तक मिटून ठेवले होते. त्यांचे पहिले अपत्य लहानपणीच गेले, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले.

तर अशी ही परंपरा तथागतांच्या आधीची आहे. मग धम्माने त्यात नवे काय केले? महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी आनंदाला सांगितले आहे की चौघे स्तूपास पात्र आहेत: तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. येथे राजा शेवटी येतो आणि श्रावक, म्हणजे शिष्य, त्याच्या आधी. जन्माने नव्हे तर साधनेने जो मोठा झाला त्याला राजाच्या बरोबरीचे स्मारक मिळू शकते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. सांचीच्या दुसऱ्या स्तूपात दहा आचार्यांच्या अस्थी त्यांच्या नावांसह मिळाल्या. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी सांचीच्याच तिसऱ्या स्तूपात 1851 साली सापडल्या, विलायतेला गेल्या आणि पुष्कळ वर्षांनी 1952 साली सांचीस परत आल्या. जुनापाणीच्या वर्तुळात घोडा आहे पण नाव नाही. बेडशाच्या स्तूपाजवळ धनदौलत काही नाही, पण नाव आहे आणि तो माणूस कसा जगला ते आहे.

बेडशाहून उतरून दुपारी आम्ही कामशेतला आलो, तेथून लोकलने मळवली स्टेशन गाठले व चालत भाज्याला गेलो. बेडसे पाहिल्यावर भाजे पाहणे जरूर आहे, कारण तेथे असा एक नव्हे, चौदा स्तूप आहेत. लेण्यांच्या दक्षिण टोकाकडे खडकाच्या छताखाली पाच आणि बाहेर नऊ असे ते उभे आहेत. लहानमोठे, जवळजवळ खेटून, जणू पंगतीस बसले आहेत. काहींच्या हर्मिकेच्या माथ्यावर खळगा असून त्यावर झाकण बसावे अशी कड ठेवली आहे. त्यात अस्थी किंवा तत्सम काही ठेवीत असावेत. काही स्तूपांवर लेख आहेत. एकावर ‘थेर भदंत अंपिनिकांचा स्तूप’, दुसऱ्यावर धम्मगिरींचा, तिसऱ्यावर संघदिनांचा. येथेही तेच आदरार्थी अनेकवचन. भाज्याची लेणी बेडशाहूनही जुनी, इ.स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची. ज्यांनी या खोल्यांतून वर्षावास केले, त्यांतील थोर थेर येथेच एकत्र विसावले असे मानावयास हरकत नाही. मुंबईजवळ कान्हेरीलाही खडकाच्या लांबलचक आडोशाखाली विटांचे अनेक स्तूप ओळीने होते, ती भिक्षूंची स्मशानभूमीच होती. तेथील थेरांच्या नावांचे लेख डॉ. शोभना गोखले यांनी वाचले.

भाज्याच्या त्या ओळीपाशी एक प्रसंग घडला तो लपविणे योग्य होणार नाही. आमच्यातील एका उत्साही सभासदाने पिशवीतून मेणबत्त्या काढल्या आणि एका स्तूपाच्या बैठकीवर लावण्यास सुरुवात केली. श्रद्धेनेच केले, यात शंका नाही. तेवढ्यात लेण्यांचा पहारेकरी धावत आला व आम्हाला चार शब्द सुनावून गेला. आमच्यापैकी काहींना त्याचा राग आला. आमच्याच पूर्वजांच्या स्तूपाला आम्हीच मेणबत्ती लावायची नाही काय, असा सूर निघाला. पण विजेरी घेऊन नीट पाहिले तेव्हा बैठकीवर आधीच मेणाचे थर व काजळी साचलेली दिसली. एका ठिकाणी कोणा प्रेमवीराने खिळ्याने आपले व आपल्या प्रेयसीचे नाव कोरले होते. अंपिनिकांच्या नावाला दोन हजार वर्षे झाली आणि ते अजून वाचता येते. ते झाकले जाईल ते आपल्याच मेणाने. कायद्याने अशा संरक्षित स्मारकाचे नुकसान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही होऊ शकतात, हे 2010 च्या दुरुस्तीपासून आहे. त्या सभासदाने स्वतःच्या रुमालाने ताजे मेण टिपून घेतले व पहारेकऱ्याला चहा पाजला. पुढच्या वेळी मेणबत्त्या न नेता फुले न्यावीत, वंदना करून ती परत उचलून आणावीत, असे मंडळाने ठरविले आहे.

पहारेकऱ्याशी मग गप्पा झाल्या. तो जवळच्याच गावचा. त्याच्या लहानपणी म्हातारी माणसे या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणत, असे त्याने सांगितले. यात नवल नाही. ज्यांच्या हातून परंपरा तुटली ते लोक काहीतरी नाव देणारच. ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, सोपाऱ्याच्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. 1882 साली त्याच भगवानलाल इंद्रजींनी, ज्यांनी गोभूतींचा लेख वाचला, ते टेकाड खणले. आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक, व त्यात भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे होते. भोवती आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. बुरुड राजा कोण ते कोणास ठाऊक, कोट तर नव्हताच.

नाव विसरले की त्या ठिकाणाचे काय होऊ शकते याचे ताजे उदाहरण पिपरहवाचे आहे. उत्तर प्रदेशातील तेथील टेकाडातून 1898 साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने शाक्यांच्या लेखासह अस्थी व रत्ने काढली. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, पण रत्नांचा काही भाग त्या कुटुंबातच राहिला आणि 2025 च्या मे महिन्यात तो हाँगकाँगला लिलावात निघाला. भारत सरकारने व जगभरच्या बौद्धांनी हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैत ती रत्ने भारतात परत आली. बातमी वाचली त्या दिवशी गुरुजींच्या जुन्या कात्रणवहीत आम्ही ती चिकटवली. वही आता माईंकडे आहे.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी नव्हती. समोरासमोरच्या बाकांवर बसून स्मारकाचा विषय पुन्हा निघाला, पण या वेळी आवाज चढला नाही. एकाने आठवण करून दिली की आपण दर 6 डिसेंबरला ज्या चैत्यभूमीवर जातो तोही स्तूपच आहे. बाबासाहेबांचा अंत्यसंस्कार 7 डिसेंबर 1956 रोजी तेथे झाला आणि 1971 साली तेथील स्तूपाचे उद्घाटन झाले. आपल्या मावळच्या वेशीवर देहूरोडला बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या वेळी गुरुजी लहान मुलाच्या वयात वडिलांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहात होते, असे ते सांगत. तेव्हा आम्ही काही वेगळे शोधीत आहोत असे नाही, असे तो सभासद म्हणाला. आषाढमित्राने जे केले तेच लोक आजही करीत आले आहेत.

मग प्रश्न उरला तो लेखाचा. गोभूतींविषयी त्यांच्या शिष्याने तीनच गोष्टी कोरल्या: रानात राहात, भिक्षेवर जगत, मारकुडावर असत. गुरुजींविषयी आम्ही काय कोरणार? पदव्या, पदे, सन्मानपत्रे, मंडळाने दिलेला सत्कार, या सर्वांची यादी कोनशिलेच्या मसुद्यात होती. तो मसुदा चिटणीसांच्या खिशातच होता. त्यांनी तो काढला, वाचला आणि पुन्हा घडी करून ठेवला. मग माईंनाच विचारले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होत्या. तळेगाव गेले, देहूरोड आले.

“रात्रशाळेत शिकवीत. पगारातून मुलांना पाट्या-पुस्तके घेत. कोणाच्या घरी पाणी घ्यायला कधी लाजले नाहीत,” असे त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “देणगीदारांची नावे नकोत रे त्यावर.”

विहाराच्या आवारातील लहान स्तूपाचे काम वर्षावासानंतर सुरू व्हावयाचे आहे. पुतळा व फरशा दोन्ही सूचना मागे घेण्यात आल्या असून लेखाचे शब्द माईंनी सांगितलेलेच राहतील. वर नाव, आदरार्थी अनेकवचनात, आणि खाली ‘त्यांच्या अंतेवासींनी करविला’ एवढेच. जे दोन कार्यकर्ते बोलत नव्हते त्यांनी मिळून दगड पाहावयास जाण्याचे कबूल केले आहे. ज्या धम्मबांधवांना बेडशाला जावयाचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात कळवावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून मार्गशीर्ष ते माघ हा काळ बरा. पाणी, विजेरी व काठी सोबत घ्यावी, आणि लेणी पाहताना त्या लहान स्तूपाकडे पाठ करून पुढे जाऊ नये.